आपल्यात असंच लिहितात

६ जानेवारी, मंगळवार. कळंब

कॉलेजात शिकवून येताना स्टँडजवळ बालाजीचा फोन. गावचा सरपंच. मला मात्र तो चौथीपर्यंत शेजारच्या रांगेत बसलेला बाल्याच. चारचौघांत तो मला ‘संगीताताई’ म्हणतो, फोनवर ‘संगे’.

“संगे, झालं बघ. खोलीचं काम पुरं झालं. ठराव तर मागंच झालाय. धावारे गुरुजी अभ्यासिका. आठ फेब्रुवारीला उघडू. तूच बोलायचं.”

आठ फेब्रुवारी. गुरुजींना जाऊन त्या दिवशी वर्ष होतं. मी रस्त्यातच उभी राहिले. मागून रिक्षावाला, “मॅडम, बाजूला होऊन रडा की.” रडत नव्हते. उन्हानं डोळे बारीक झाले होते.

जागा आमच्या भीमनगरात नाही. वेशीत, ग्रा.पं.समोर, पाराला लागून. तिथून जाताना माझे वडील चपला हातात घ्यायचे. मी पाहिलेलं आहे, ऐकलेलं नाही.

ही बातमी पहिल्यांदा ज्यांना सांगितली असती, त्यांच्याच नावाची ती खोली. मग कुणालाच सांगितली नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

ढोकीजवळ भाषण. ऊसतोडीला आलेल्यांच्या लेकरांची शाळा बुडते, त्यावर. तावातावानं बोलले. टाळ्या चांगल्या पडल्या.

गुरुजी जि.प. शाळेत मास्तर. नऊ वर्षांच्या मला टेबलावर उभं करून बोलायला शिकवलं ते त्यांनी. टाळ्यांकडं त्यांचं लक्षच नसायचं. भाषण संपलं की एकच प्रश्न, “कोण उठून गेलं?” मला आठवायचं नाही. त्यांना सगळं दिसलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी मला घेऊन जायचे. का उठलात, विचार. एकदा एक आजोबा म्हणाले, “बैलाला पाणी दाखवायचं हुतं मास्तर.” बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, “हे कारण खरंही असू शकतं. प्रत्येक वेळी आपल्यालाच सोडून जातात असं नसतंय.”

आज एक ट्रॅक्टरवाला मधेच उठला. नंतर गाठून विचारलं. “मॅडम, कारखान्यात ट्रॉलीचा नंबर लागला हुता.” घ्या.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गावी गेले. आधी बालाजीकडं. त्याची बायको तिळगूळ घेऊन दारातच. स्वयंपाकघरात बसवलं. याची आता सवय झाली आहे. सवय झाली, हेही एकदा लिहून ठेवायला हवं.

बालाजीला धीर नव्हता. “चल, दगड दावतो.” ट्रॉलीत बारदानात गुंडाळलेला. स्वतःच्या खर्चानं आणलेला काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. बारदान काढलं.

कै. किसन धावारे गुरुजी अभ्यासिका.

“कै. कशाला?” मी.

“म्हंजे? वारलेत ना.”

“अरे, कै. म्हणजे कैलासवासी.”

“व्हय की. माझ्या आबाच्या दगडावर बी हाय. नुसतं नाव कसं टाकायचं? मोकळं दिसतंय. आपल्यात असंच लिहितेत.”

आपल्यात. जिभेवर उत्तर होतं, कुणाच्या आपल्यात? पण त्याची बायको ताटली घेऊन उभी होती आणि बालाजीच्या तोंडावर सणाचं हसू होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा शब्द तोंडातच राहिला. दगडाचा फोटो काढला, म्हटलं बघू, आणि पाणी पिऊन निघाले.

१५ जानेवारी, गुरुवार

झोप नीट नाही. दिवसभर तोच दगड.

वडील गेले तेव्हाची गोष्ट. पुण्यानुमोदनाची कार्डं कळंबच्या छापखान्यातून आली ती ‘कै.’ घेऊनच. छापणारा म्हणाला, सगळ्यांच्या कार्डावर तसंच असतंय. गुरुजींनी आमच्या ओट्यावर बसून सगळ्या कार्डांवरचं ते अक्षर पेनानं खोडलं, वर ‘कालकथित’ लिहिलं. मी म्हटलं, राहू द्या गुरुजी, लोकांना कळतंय. ते खोडत राहिले. “छप्पन साली धम्म घेतला आन माझ्या बापानं देव्हारा रिकामा केला. तेव्हा मी एवढासा. आईनं विचारलं, आता मेल्यावर आपण कुठं जायाचं? बाप म्हणाला, कुठंच न्हाय, इथंच नीट जगायचं. आता ह्या बापाच्या लेकानं तुझ्या बापाला कैलासाला धाडायचं?”

ज्या माणसानं दुसऱ्यांच्या कार्डावर ते अक्षर राहू दिलं नाही, त्याच्या दगडावर ते सोन्याचं.

पण बालाजीचा राग कसा धरायचा? त्याच्यासाठी आबाहून, बापाहून मोठं कुणी नव्हतं. बापाला जे दिलं तेच गुरुजींना दिलं. आधी गावात आमच्या माणसाला ‘कोण मेलं रे तिकडं?’ एवढंच मिळायचं.

पूर्वीचं भांडण सरळ होतं. ते म्हणायचे येऊ नको, आम्ही जायचो. आता ते ये म्हणतात, मांडीला मांडी लावून बसवतात, आणि बसल्यावर त्यांच्यासारखं करून टाकतात. तेही प्रेमानं. प्रेमाशी कसं भांडायचं हे मला गुरुजींनी शिकवलं नाही. की शिकवलं आणि माझ्या लक्षात आलं नाही?

१७ जानेवारी, शनिवार

मिलिंदचा फोन. भीमनगरातला आमच्या भावकीतला पोरगा. पोलीस भरतीत दोनदा हुकला, जयंती कमिटी चालवतो. मी काल त्याला दगडाचा फोटो पाठवला होता. त्यानं तो वस्तीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आमच्या गुरुजींचा धर्म बदलला.’ रात्रीत सगळ्या गावाच्या मोबाईलवर.

“ताई, दगड बसू देणार न्हाय. आन तुम्ही भाषणाला येऊ नका.”

“मिलिंद, शांत हो.”

“तुम्ही म्हणताव शांत हो? तुमचीच भाषणं ऐकून मोठे झालोत आमी.”

खरं होतं.

बालाजीला फोन केला. स्पष्ट सांगितलं, दगड बदलल्याशिवाय मी बोलणार नाही. तो म्हणाला, “माझी चूक झाली असंल. बदलला असता गुपचूप. पर आता तात्याला घावलंय.”

तात्या म्हणजे आधीचे सरपंच. नुसतं ‘ग्रामपंचायत अभ्यासिका’ असावी, कुणाचं नाव नको, असा त्यांचा आग्रह होता. थोडक्या मतांनी हरले होते. आता म्हणतायत, मजकूर बदलायचा तर ठरावच परत सभेपुढं आणा, सव्वीस जानेवारीला. आणि या वेळी माणसं त्यांनी आधीच जमवली आहेत.

म्हणजे असं. गप्प बसलो तर गुरुजी कैलासवासी. बोललो तर कदाचित नावच नाही.

२० जानेवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून गावी, काकींकडं. गुरुजींच्या पत्नी. सुपात ज्वारी निवडत होत्या. मला बघून सूप बाजूला सारलं नाही, अर्धी ज्वारी माझ्यापुढं ओतली.

सगळं सांगितलं. त्या निवडत राहिल्या.

“काकी, गुरुजी असते तर काय केलं असतं?”

“भांडले असते. लई भांडले असते. आन मग च्या प्यायला बालाजीच्याच घरी गेले असते.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मला कुणी इचारलंय व्हय?”

“मी विचारतेय ना.”

खडा काढून टाकला. “मला त्या खोलीत बसायचंय एकदा. खुर्चीवर. पंख्याखाली.”

“मग बसा की. कोण अडवतंय?”

“कुणी न्हाय अडवत. पर मी अजून रेशनला बी मागल्या वाटंनं जाते. वेशीतून न्हाय. म्हातारपणी लांब पडतंय, तरी.”

“का?”

“पायाला सवय.”

परतीच्या एसटीत याचाच विचार. मी भाषणांत प्रगती मोजते ती शिक्षणात, नोकऱ्यांत, पक्क्या घरांत. काकींचा एक मुलगा बँकेत, नात नर्सिंगला. आणि काकी मागच्या वाटेनं. अडवणारे मेले, वाट बंद करणारं कुणी उरलं नाही, पण पायांना हे कुणी सांगितलं नाही. मी तरी कुठं सांगितलं? मी स्टेजवरून बोलत होते. काकी स्टेजच्या मागच्या बाजूनं घरी जात होत्या.

उगाच काकींचं हसू करायला नको. कळंबला घर भाड्यानं बघताना मालकीणबाईंनी आडनाव विचारलं तेव्हा मी पण क्षणभर थांबले होते. एवढी भाषणं करणारी. क्षणभरच, पण थांबले.

२३ जानेवारी, शुक्रवार

बालाजी तूर घेऊन कळंबला मोंढ्यात आला होता. हॉटेलात बसलो. भजी मागवली.

“तुला काय वाटलं, मी मुद्दाम केलं?”

“नाही.”

“मग फोनवर अशी का बोललीस, जसं मी तात्याच हाय?”

“चुकलंच.”

“तसं न्हाय. बोल की. तू भांडत न्हायस तवाच भ्या वाटतंय मला.”

मग भांडले. हळू आवाजात, पण सगळं. कार्डांची गोष्ट सांगितली, छप्पन सालची सांगितली. तो ऐकत होता. शाळेत असाच ऐकायचा, तोंड अर्धं उघडं टाकून.

“बरं, मग काय लिहायचं असतंय?”

“कालकथित.”

“कथित? पेपरात ‘कथित घोटाळा’ असतंय तसलं? पोरं म्हणतील गुरुजींवर काय आरोप हुता?”

इतका राग होता, तरी हसू फुटलं. चहा नाकात गेला. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

सांगितलं त्याला. मूळ पालीतला शब्द, कालकत. ज्यानं आपला काळ पुरा केला तो. मराठीत येता येता कथित झाला.

“काळ पुरा केला.” त्यानं एकदा म्हणून बघितलं. “हे बरंय की. असं माझ्या आबाला बी चाललं असतं.” मग थोड्या वेळानं, “संगे, मी म्हणलो ना, आपल्यात असंच लिहितेत. तुला ते टोचलं.”

“हो.”

“मी तुला धरून म्हणलो हुतो.”

“म्हणूनच टोचलं.”

त्याला कळलं की नाही, माहीत नाही. बिल त्यानंच दिलं. जाताना म्हणाला, सभेत मीच मांडतो, तू फक्त ये.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा. माझं मत कळंबला, त्यामुळं गावच्या सभेत मला बोलायचा हक्क नाही. तात्यांनी हसत हसत आठवणही करून दिली. “या संगीताबाई, खुर्ची घ्या. आज तुमी श्रोत्या.” खुर्ची स्वतः सरकवली. अदब पूर्ण.

बालाजी वाईट बोलला. शब्द अडत होते. मला जागेवर बसवेना. हात मांडीखाली दाबून बसले.

तात्या मात्र मुरलेले. “गुरुजींबद्दल आदरच हाय. माझ्या पोराला पाढे त्यांनीच शिकवले. पर आधी नाव पायजे म्हणाले, दिलं. आता अक्षर पायजे. उद्या रंग म्हणतील. त्यापरीस नावाचाच पुन्हा इचार करू.”

मागून कुणीतरी, “मेल्यावर सगळेच कैलासवासी! त्यात काय एवढं?”

खांबाजवळ तीन-चार बायका उभ्या होत्या. त्यांतून काकींचा आवाज आला. मोठा नाही. “ह्यांनी मेल्यावर कुठं जायाचं न्हाय ते जित्तेपणीच सांगून ठेवलंय. तुमी कशाला जबरदस्तीनं धाडायलाव?”

सभा हसली. तात्यापण हसले. मी काकींकडं बघत राहिले. एवढ्या वर्षांत काकींना चार माणसांत बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

पण तोवर माणसं पांगली होती, निम्मी उसाला. ग्रामसेवकांनी डोकी मोजली. कोरम नाही. सभा तहकूब. पुढची नऊ फेब्रुवारी, सोमवारी. तहकूब सभेला कोरम लागत नाही. जेवढे येतील तेवढे ठरवतील.

खोली मात्र आठलाच उघडायची, बालाजी अडून बसला. दगड न लावता.

मिलिंद गेटपाशी. “बिननावाची खोली. तात्याला पायजे तेच झालं की ताई.”

३० जानेवारी, शुक्रवार

जायचं की नाही? मीच म्हटलं होतं, दगड बदलल्याशिवाय बोलणार नाही. आता दगडच नाही. शब्दाचा कीस पाडायचा तर मोकळी आहे.

गेले नाही तर त्या दिवशी त्या खोलीत गुरुजींचं नाव नीट कोण घेईल? मिलिंद बहिष्कार घालून भीमनगरात बसेल, बालाजी अडखळेल, तात्या सुंदर बोलतील. दुसऱ्या दिवशी सभेत म्हणतील, बघा, नावावाचून काय अडलं?

जाते. मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, “तुमची मर्जी.” आधी कधी असं बोलला नव्हता.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बालाजीचा मेसेज. ‘नारळ फोडायचा का नको ते आधीच सांग बाई.’

लिहिलं, नको. मेणबत्ती आण. अगरबत्ती चालेल.

‘हार?’

फुलं चालतील.

‘पेढे?’

पेढे लागतीलच.

८ फेब्रुवारी, रविवार. रात्री

सकाळी भीमनगरात वंदना, पुण्यानुमोदन. मग वेशीत.

खोली देखणी झाली आहे. खिडक्या मोठ्या, पंखे चालू. दारावर दगडापुरता चौकोन प्लास्टर न करता सोडलेला, आतल्या विटा दिसतात. येणारा प्रत्येक जण आधी तिथंच बघत होता. काकी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. कुठल्या वाटेनं आल्या, विचारलं नाही. मिलिंद आला, बाहेर पाराला टेकून उभा राहिला.

मी लिहून नेलेलं भाषण केलं नाही. त्यात तो दगड होता, तात्या होते, दीड हजार वर्षांची शिवाशिव होती. विटांचा तो चौकोन बघितला आणि म्हटलं आज हे नको. गुरुजी कसे होते एवढंच बोलले. शाळा सुटल्यावर कुणाच्या शेतात जाऊन कुणाच्या पोराला परत आणायचे. त्यांची सायकल कुणी कुणी पंक्चर केली आणि त्यातल्या किती जणांनी पुढं स्वतःच्या लेकरांना त्यांच्याच वर्गात घातलं. लोक एकमेकांकडं बघून हसायला लागले. त्यांतले दोघं समोरच बसले होते. शेवटी कालकत म्हणजे काय ते सांगितलं. या शब्दात कुठं जाणं नाही, म्हटलं, आणि गुरुजी कुठं गेलेलेही नाहीत, ते पुरे झाले. टाळ्या झाल्या नाहीत. भाषण संपलंय हेच कुणाला कळलं नव्हतं.

तात्या मधेच उठून गेले होते.

सगळं आटपल्यावर त्यांच्या घरी गेले. एकटीच. ओसरीवर पाय पसरून बसले होते, गुडघ्याला तेल लावत.

“तात्या, का उठलात?”

वर बघितलं. “धावारे मास्तरांची सवय अजून हाय म्हणायची. मलाबी इचारायचे असंच.” तेल जिरवत राहिले. “गुडघा. सतरंजीवर मांडी घालवत न्हाय. बालाजीला म्हणावं म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या जादा टाक.”

“आणि उद्या?”

“उद्याचं उद्या.” सुनेला हाक मारली, “अगं, च्या ठिव.”

चहा प्याले. कारण खरंही असू शकतं. नसूही शकतं. तात्यांच्या तोंडावरून कधीच काही कळलेलं नाही, आजही नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. कळंब

सभा अकराला. मी कॉलेजात. रजा काढता आली असती, पण जाऊन पुन्हा हात दाबूनच बसायचं. आणि मी दिसले की तात्यांना ‘बाहेरच्या’ म्हणायला सोपं जातं.

बालाजीनं सकाळी फोन केला नाही. मीही नाही.

दुसऱ्या तासानंतर मिलिंदचा मेसेज. गेलाय तर. ‘ताई, सभा नवीन खोलीतच ठेवली. लई माणूस आलंय. तात्याची समदी आलीत.’

मोबाईल टेबलावर समोरच ठेवला.

मग दुसरा. ‘भीमनगरच्या बाया आल्यात. काकीनं घरोघर जाऊन आणल्या म्हणे. सतरंजीवर फुडंच बसल्या. तात्याच्या माणसाला जागा न्हाय, दारात हुभे हायत.’

मग तिसरा. ‘नावाचा इषय आला. मोबाईल बंद करा म्हणायलेत.’

त्यानंतर काही नाही. स्टाफरूममध्ये बसून हे लिहितेय. बाहेर पोरांचा कबड्डीचा गोंगाट.

आत आता बालाजी बोलत असेल किंवा तात्या. की बायका. ग्रामसभेत माईक नसतो. काकींचा आवाज तसा बारीक, दारापर्यंत पोचायचा नाही. पण बसल्यात पुढं. आणि बाकीच्या बायका काही गप्प राहणाऱ्या नाहीत.